दोन नंबरचा वॉल्ट्झ

पूर्वाने पाठवलेली क्लिप जेमतेम दीड मिनिटाची होती. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट गावाचा चौक, रात्रीची वेळ, मधोमध आंद्रे रियू व्हायोलिन घेऊन उभा, मागे फुगीर झग्यांतल्या बायका वाजवतायत, आणि गर्दीत आमचे जावई नातवाला खांद्यावर घेऊन डोलतायत. हा रियू मूळचा मास्ट्रिख्टचाच, दर जुलैत आपल्या गावच्या चौकात असे जलसे करतो. खाली मेसेज: ‘बाबा, हे तुमच्या अकॉर्डियनवर बसवा ना. डिसेंबरात येतोय, तेव्हा आमच्या लग्नाला दहा वर्षं होतील.’

चाल ऐकली आणि बोटांना लगेच कळली. पंचमावर रेंगाळायचं, मग कोमल गंधार, रिषभ, षड्ज असं खाली उतरायचं. गंधार-धैवत कोमल, निषाद शुद्ध. म्हणजे घरचा कीरवाणी रागच की. मंगलला म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे. त्याला अडीच महिने लागले, आणि त्यातले पहिले सहा आठवडे वाजवण्यात नाही, कागद शोधण्यात गेले.

कागद कशाला हवा, असं कुणीही विचारेल. १९८२ ते १९९४ मी मिरज-सांगलीच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं ते सगळं कानानेच. दिवसा वीज मंडळाची नोकरी, संध्याकाळी टेपरेकॉर्डरचं रिवाइंड बटण झिजवणं, आणि गणपतीत दहा रात्री दहा गावं. पण तेव्हा शेजारी गिटार होती, बास होता, कीबोर्डवाला होता. माझी एखादी कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेल्या सुरांचा घोळका, चुकली तरी ढोलकीखाली झाकून जायची. आता घरच्या खोलीत मी एकटा बसून वाजवणार, आणि डाव्या हाताला अख्खा ऑर्केस्ट्रा उचलायचा. तिथे कानाचा अंदाज पुरत नाही. चाल कानाला सापडते, तिच्या खाली काय चाललंय ते सापडत नाही.

आणि खरं सांगायचं तर कागदावरून वाजवायची एक जुनी हौस राहून गेली होती. माझं अकॉर्डियन जर्मन, क्लिंगेन्थालचं वेल्टमायस्टर, ८० बासचं, म्हणजे डाव्या हाताला ८० बटणं. १९८६ साली धोबीतलावच्या एका कूडमध्ये राहणाऱ्या गोव्याच्या वादकाकडून घेतलं. (कूड म्हणजे मुंबईत कामाला आलेल्या गोवेकरांची गावागावाची खोली.) त्या म्हाताऱ्याने पैसे मोजून घेतले आणि मला दोन तास बसवून पाच रेघा, म्हणजे पाश्चात्य नोटेशन, शिकवल्या. मधल्या रेघेवर नी, तिच्या खालच्या घरात ध. तो चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे डो-रे-मी, शिकलेला. म्हणाला, तुम्ही लोक ऐकून वाजवता, छान वाजवता, पण दुसऱ्या दिवशी तेच वाजवत नाही. मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याच्या माणसांशिवाय पान हलत नव्हतं ते या पाच रेघांमुळे. संगीतकार पेटीवर चाल सांगणार आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर ती पन्नास माणसांसाठी लिहून काढणार. मी गुडी सिरवई आणि आपल्या पुण्याचे इनॉक डॅनियल्स या अकॉर्डियनवाल्यांना ऐकत मोठा झालो. त्यांच्या बोटांचं कौतुक होतंच, पण समोरच्या स्टँडवरच्या कागदाचा मला जास्त हेवा वाटायचा.

तर शोध सुरू केला. रियूच्या क्लिपखाली नाव होतं ‘सेकंड वॉल्ट्झ’. (वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा युरोपी नाच.) बापू, म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचा तबला-ढोलकीवाला, ठामपणे म्हणाला, श्ट्राउसचा असणार. बापू दुनियेतल्या प्रत्येक वॉल्ट्झला श्ट्राउसचाच म्हणतो. निघाला रशियन, द्‌मित्री शोस्ताकोविच. आणि पुढे ठिकठिकाणी एकच पत्ता: ‘जॅझ सूट नंबर २’. (सूट म्हणजे छोट्या तुकड्यांचा संच.)

मी नेटवरून ‘शोस्ताकोविच, जॅझ सूट, वॉल्ट्झ’ असं शोधून कुणीतरी टाकलेली चार पानं उतरवली, झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या आकारात छापून आणली, आणि दोन संध्याकाळी एकेका सुरावर पेन्सिल ठेवत वाचून काढली. पाच रेघा वाचायचा माझा वेग म्हणजे दुसरीतलं पोर मोडी वाचतंय असा. तिसऱ्या संध्याकाळी सोळा मात्रापट्ट्या (तीन-तीन मात्रांची घरं) सलग वाजवल्या. मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, छान आहे, पण हे ते नाही.”

खरंच नव्हतं. ती पानं ‘जॅझ सूट नंबर १’ची होती, १९३४ सालची. त्यातही एक वॉल्ट्झ आहे, एक पोल्का, एक फॉक्सट्रॉट. वॉल्ट्झ गोड आहे, पण आपला नव्हे.

मग दुसऱ्या नंबरच्या मागे लागलो, आणि खरी मजा तिथे कळली. पूर्वाच्या क्लिपमधली चाल ‘जॅझ सूट नंबर २’मधली नाहीच! खरा दुसरा जॅझ सूट शोस्ताकोविचने १९३८ साली सोव्हिएत सरकारच्या नव्या जॅझ ऑर्केस्ट्रासाठी लिहिला होता. महायुद्धात त्याचे कागद हरवले. १९९९ साली मनाशिर याकूबोव या अभ्यासकाला त्याची पियानोवरची प्रत सापडली, जेरार्ड मॅकबर्नीने ती ऑर्केस्ट्रासाठी पुन्हा मांडली, आणि २००० साली लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात ती वाजली. तीन तुकडे आहेत, स्केर्त्झो, अंगाई आणि सेरेनेड. त्यांत वॉल्ट्झ नावालाही नाही.

आपला वॉल्ट्झ आहे ‘सूट फॉर व्हरायटी ऑर्केस्ट्रा’ नावाच्या आठ तुकड्यांच्या वेगळ्याच संचात. हा संच १ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या बार्बिकन हॉलमध्ये रोस्त्रोपोविच या संचालकाने वाजवून घेतला तेव्हा त्याच्यावर ‘जॅझ सूट नंबर २’ अशी पाटी लागली. हरवलेल्या मुलाच्या नावाने दुसऱ्याच मुलाला शाळेत घालावं, तसं. पुढे रेकॉर्डींवरही तेच नाव छापलं गेलं, १९९४च्या सुमारास रियूने हा वॉल्ट्झ घरोघरी पोचवला, १९९९ साली कुब्रिक या दिग्दर्शकाच्या शेवटच्या सिनेमात तो आला, आणि चुकीची पाटी कायमची चिकटली. चाल त्याहून जुनी. शोस्ताकोविचने ती १९५५-५६ च्या ‘पहिली तुकडी’ या सोव्हिएत सिनेमासाठी केलेली, कझाकस्तानच्या पडीक जमिनी लागवडीखाली आणायला गेलेल्या तरुणांची गोष्ट. म्हणजे माझे जावई ज्याच्यावर डच चौकात डोलले ते मुळात शेतीखात्याच्या पिक्चरचं संगीत! हे कळल्यावर मला तो वॉल्ट्झ दुप्पट आवडायला लागला.

आणि त्या संचातही वॉल्ट्झ एक नाही, तीन. एक लिरिक वॉल्ट्झ, एक वॉल्ट्झ नंबर १, एक वॉल्ट्झ नंबर २. पहिल्या सूटमधला धरून चार झाले. यातल्या दोन चुकीच्यांवर माझे पैसे नाहीत तरी वेळ नक्की गेला. पण एक गोष्ट वाचून खुर्चीतून उठलोच. या संचाच्या मूळ वाद्यवृंदात चार सॅक्सोफोन आहेत, गिटार आहे, आणि अकॉर्डियन आहे. मी कुणाच्या घरात आगंतुक घुसत नव्हतो, पाट आधीच मांडलेला होता.

आता फुकटचं सांगतो. आयएमएसएलपी नावाचं एक मोठं नोटेशनचं भांडार आहे, २००६ पासून चालू, कॅनडातून चालतं. हक्क संपलेल्या रचना तिथे कुणीही उतरवून घ्याव्यात. योहान श्ट्राउस १८९९ साली गेला, ‘स्केटर्स वॉल्ट्झ’वाला वाल्डटॉयफेल १९१५ साली, त्यांची पानंच्या पानं मिळाली आणि मी अधाशासारखी भरून ठेवली. एक अख्खा रविवार त्यात गेला. पण शोस्ताकोविच १९७५ साली वारला. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०३५ संपेपर्यंत. त्याआधी नेटवर फुकट मिळतं ते सगळं, आमच्या भाषेत, दोन नंबरचं.

ते मी उतरवून पाहिलं नाही असं म्हणणार नाही. पाहिलं. तीन ठिकाणची तीन ‘सोपी अकॉर्डियन’ नोटेशन्स, आणि तिन्हींत एकाच जागी तीन निरनिराळे बास. प्रत्येकाने आपापल्या कानाने बसवलेलं, म्हणजे मी घरी बसून केलं असतं तेच. त्यातली दोन मूळ सी मायनरवरून ए मायनरला नेलेली, काळ्या पट्ट्या नकोत म्हणून. याचं मला हसूच आलं. सी मायनर म्हणजे पांढरी एक. हार्मोनियमवर शिकलेल्या माणसाला पांढरी एकचा षड्ज म्हणजे आईच्या हातचा वरणभात. वर तीन कोमल सूर आले तर काय झालं? आम्ही काळी चार, काळी पाच मागणाऱ्या गायकांना रात्ररात्र साथ केलेली माणसं. तिकडच्या नवशिक्याला काळी पट्टी दिसली की धास्ती, इकडच्याला पट्टीचं भय नाही पण पाच रेघा दिसल्या की घाम. मी पांढरी एक सोडणार नव्हतो.

एवढ्यात पूर्वाने स्वतःच एक वाट काढली. आइंडहोव्हनला तिच्या बिल्डिंगमध्ये रीगाहून आलेल्या एक बाई राहतात, बटणाचं अकॉर्डियन, म्हणजे बायान शिकवतात. त्यांनी आपल्या छापील पुस्तकातलं त्या वॉल्ट्झचं एक पान कसं आहे ते बघा म्हणून फोटो पाठवला. सी मायनर, स्वच्छ छपाई, डाव्या हाताच्या प्रत्येक बटणावर अक्षर. मी खूश. पेटी चढवली, पट्टे आवळले, आणि सुरू केलं.

भयंकर. उजवा हात रडतोय आणि डावा हात वरातीत नाचतोय. सगळ्या कॉर्ड मेजर. पुन्हा तपासलं, कागदावर ‘एम’ लिहिलेलं, मोठं, कॅपिटल. आम्हाला शिकवलेलं, मोठा एम म्हणजे मेजर, छोटा एम म्हणजे मायनर. बापू बसला होता, तो म्हणाला, “रशियन माणूस आहे, मुद्दाम असेल.” दोन दिवस आम्ही त्या मुद्दामपणाचं कौतुक करण्याचा प्रयत्न केला.

शेवटी पूर्वाने बाईंना विचारलं. बाई म्हणे बराच वेळ हसत होत्या. रशियन पद्धतीत मेजरला ‘बे’ हे अक्षर लिहितात, इंग्रजी बी आणि सहाचा आकडा यांच्या मधलं दिसणारं. आणि ‘एम’ म्हणजे मायनर. कॅपिटल असो नाहीतर नसो. मी सबंध पान उलटं वाचत होतो. तिसऱ्या ओळीत एक ‘बे’ दिसला होता, त्याला मी सहा समजून बोटाचा नंबर धरला होता. हाताला पाचच बोटं असतात हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

त्यानंतर सरळ रस्ता धरला. पूर्वाने तिथल्या एका नोटेशनच्या दुकानातून पियानोची हक्काची प्रत विकत घेऊन दिली. दोघांनी हॉटेलात मसाला डोसा खावा एवढी किंमत. सहा आठवडे मी हे वाचवत होतो.

अकॉर्डियनची तयार प्रत न घेता पियानोची घेतली, याचं कारण सांगतो, कारण कुणी हे करायला बसलं तर उपयोगी पडेल. तयार प्रतीत दुसऱ्याने १२० बास धरून निर्णय घेतलेले असतात. १२० मध्ये बटणांच्या सहा ओळी: एक तिसऱ्या सुराच्या बासची, एक मूळ बासची, मग मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि डिमिनिश. माझ्या ८० मध्ये शेवटची डिमिनिशची ओळ नाहीच. पियानोच्या प्रतीत निर्णय कुणी घेतलेले नसतात, सूर समोर असतात, आपण ठरवायचं.

पण पहिली चूक मीही केली. पियानोचा डावा हात जसाच्या तसा उतरवायला बसलो. तिथे तो खालचा एक सूर वाजवून वर उडी मारतो आणि दोनदा कॉर्ड दाबतो. अकॉर्डियनच्या कॉर्डच्या बटणाला वर-खाली काही नसतं. तीन सूर एका सप्तकात गुंडाळून येतात, क्रम यंत्र ठरवतं. तेव्हा पियानोचे सूर मोजण्यात अर्थ नाही. त्या घोळक्याचं नाव काय एवढं ओळखायचं आणि ते बटण दाबायचं. एका संध्याकाळी मी नुसती नावं लिहिली, प्रत्येक मात्रापट्टीवर एक. सी मायनर, जी सेव्हन्थ, एफ मायनर. ही तिन्ही बटणं शेजारी-शेजारी आहेत, सीच्या खड्ड्यावर बोट ठेवलं की एक घर वर जी, एक घर खाली एफ. निम्मा वॉल्ट्झ त्या चार इंचांत होतो. डावा हात बघायलाच लागत नाही.

जिथे अडलं तिथे दोन-तीन जागी डिमिनिश. तिथे मी सेव्हन्थचं बटण घेतलं आणि उरलेला सूर उजव्या हातात दिला. तसंही माझ्या पेटीत सेव्हन्थच्या बटणात पाचवा सूर नसतो. जी सेव्हन्थ दाबली तर प, नी आणि म वाजतात, रे गायब. चालीत रे नसेल तर तो उजव्या हाताच्या करंगळी-अंगठ्यात कुठेतरी पेरावा लागतो, नाहीतर कॉर्ड पोकळ वाटते. दुसऱ्यांदा चाल येते तेव्हा खाली तिसरा सूर जोडला, फार नाही, ओळीच्या शेवटी. सुरुवातीला मूळ रचनेत एकटा सॅक्सोफोन गातो, म्हणून तिथे बॅसूनचं रजिस्टर (आवाजाची जात बदलायची कळ) लावलं, खालचं, घोगरं. पुनरावृत्तीला मास्टर, म्हणजे सगळे आवाज एकत्र. माझ्या पेटीचं क्लॅरिनेटचं रजिस्टर २००९ पासून अडकलंय, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला.

भात्याचं मात्र सगळ्यात जास्त नडलं. खालचे सूर हवा खातात. चार मात्रापट्ट्यांवर भाता उलटवायचा ठरवला तर तिसरीतच दम संपायचा आणि लांबवलेला पंचम मध्येच शिंकायचा. शेवटी डाव्या हाताच्या दुसऱ्या-तिसऱ्या मात्रा निम्म्या लांबीच्या केल्या, नुसता टिचका. हवा वाचली. आणि गंमत म्हणजे त्याच क्षणी तो वॉल्ट्झसारखा वाजायला लागला. तोवर बापू रोज म्हणत होता, तुझा हा दादरा झालाय. माझ्या अंगात धा धि ना धा ती ना मुरलेलं, तीन मात्रा झाल्या की पुढच्या तीन मी खाली घेणार, जोडीजोडीने. वॉल्ट्झला खाली-भरी नसते, दर पहिल्या मात्रेला पाय जमिनीवर. बापूने शेवटी टेबलावर नुसती समच द्यायला सुरुवात केली, मधलं काही नाही, आणि मला आठवडाभर तसंच वाजवायला लावलं.

सगळं झाल्यावर मी ते पाच रेघांतून काढून वीज मंडळाच्या जुन्या रजिस्टरमध्ये सरगममध्ये उतरवलं. कोमल सुराखाली आडवी रेघ, भाता उघडायचा तिथे डावा बाण, मिटायचा तिथे उजवा. तीन पानं. म्हाताऱ्या गोवेकराला हे रुचलं नसतं, पण दुसऱ्या दिवशी तेच वाजतं.

२० डिसेंबरला वाजवलं. एका जागी चुकलो, ते नातवाने माझ्या भात्यात बोट घालायचा प्रयत्न केला म्हणून. जावई आणि पूर्वा सोफा आणि टीव्हीच्या मधल्या जागेत नाचले, मंगलने व्हिडिओ काढला, त्यात निम्मा वेळ पंखा आलाय. रीगाच्या बाईंना तो गेला. त्यांचं उत्तर आलं: डावा हात आता बरोबर आहे.

बापूला आता ते रजिस्टर हवंय. त्याचा पुतण्या हार्मोनियम वाजवतो, त्याच्यासाठी झेरॉक्स मारतो म्हणाला. मी म्हटलं, प्रत विकत घे, डोशाच्या किमतीत येते. नाहीतर १ जानेवारी २०३६ पर्यंत थांब, तेव्हा सगळ्यांनाच फुकट. मी त्र्याहत्तरीला आलेलो असेन, तू शहात्तरीला. बापू म्हणाला, “थांबतो की.”